साका कुठे बसतो? गीझर, ड्रेनेज आणि सेप्टिक टँक

बोअरचं पाणी एकाच पातेल्यात रोज उकळलं, की पंधरा-वीस दिवसांत तळाला पांढरट खरपुडी धरते. नखाने निघत नाही, लिंबाची फोड किंवा चिंचेचा कोळ लावला की सुटते. गीझरच्या टाकीतही नेमकं हेच होतं, फक्त तिथे लिंबू लावायला हात पोचत नाही. गच्चीवरच्या टाकीत बारीक माती बसते, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये केस आणि साबणाचा चिकटा, आणि अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये उरलेलं सगळं. पाणी जिथे थांबतं किंवा मंदावतं तिथे साका बसणारच. तो कुठे बसू द्यायचा, कुठे नाही, आणि बसलेला काढायला वाट ठेवली आहे का, एवढे तीन प्रश्न विचारता आले तर प्लंबरच्या अंदाजपत्रकातली बरीच धूळ खाली बसते.

हा लेख प्रामुख्याने बंगले, रो हाउस आणि गावाकडच्या घरांसाठी आहे, जिथे नगरपालिकेची ड्रेनेज लाइन अजून पोचलेली नाही. शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्यांचीही गत तीच असते.

दाब आणि पाइप

नळाला पाणी जोरात येत नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. त्याचं गणित सोपं आहे. पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर दाब सुमारे १ बार मिळतो. गच्चीवर फूट-दीड फुटाच्या ओट्यावर टाकी ठेवली, तर वरच्या मजल्यावरच्या शॉवरच्या डोक्यावर जेमतेम दोन मीटर पाणी उभं असतं, म्हणजे ०.२ बार. हॉटेलात पाहिलेला मोठा शॉवर त्या दाबावर गळतो, पडत नाही. मग शॉवर बदलून उपयोग होत नाही. टाकी उंच करा, किंवा टाकीतून निघणारी मुख्य लाइन जाड घ्या, किंवा वरच्या मजल्यापुरता छोटा प्रेशर पंप बसवा.

मुख्य लाइन टाकीतून दीड इंची निघावी, मजल्यावर एक इंची उतरावी, बाथरूममध्ये पाऊण इंची फिरावी आणि फक्त नळापाशी अर्धा इंची व्हावी. प्लंबर हे सुतात सांगतो: इंचाचे आठ सूत, म्हणजे चार सूत अर्धा इंच आणि सहा सूत पाऊण. बाथरूमभर चार सुताचीच लाइन फिरवली असेल तर एक नळ उघडला की दुसरा मरतो.

टाकीतून निघणाऱ्या लाइनवर, कॉकच्या लगेच पुढे, वर तोंड करून उघडा ठेवलेला एक उभा पाइप लागतो. त्याची उंची टाकीच्या वरच्या काठापेक्षा जास्त हवी. त्याला एअर व्हेंट म्हणतात. टाकी एकदा रिकामी झाली की लाइनमध्ये हवा अडकते आणि टाकी भरल्यावरही नळ नुसता फुसफुसतो. व्हेंट असेल तर ती हवा आपोआप निघून जाते. शंभर-दोनशे रुपयांच्या पाइपच्या तुकड्यासाठी लोक वर्षानुवर्षं नळाला तोंड लावून हवा ओढत बसतात.

पाइपचा रंग ओळखायला शिका. पिवळसर मलई रंगाचा तो सीपीव्हीसी, गरम आणि गार दोन्ही पाण्याला चालतो. पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याला. गीझरच्या गरम बाजूला पांढरा पाइप लावलेला दिसला तर तो वाकेल, मग जोड सुटेल, आणि हे सगळं टाइल्सच्या आत घडेल. दोन्हींचं सोल्यूशन, म्हणजे जोड चिकटवायचा डिंक, वेगळं असतं. सीपीव्हीसीला पांढऱ्या पाइपचं सोल्यूशन लावून काम उरकणारे भेटतात. तो जोड सुरुवातीला धरतो आणि गरम पाणी सुरू झालं की पाझरायला लागतो.

भिंतीत गाडलेल्या लाइनीला प्लास्टर करण्याआधी दोन गोष्टी कराच. सगळी तोंडं डमीने, म्हणजे बुचाने, बंद करून हातपंपाने दाब भरायचा आणि गेजचा काटा निदान काही तास हलत नाही हे पाहायचं. मग भिंतीला मेजरिंग टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा. पाच वर्षांनी गीझरचा हुक ठोकताना हा फोटो ड्रिल मशीनपेक्षा जास्त कामाचा ठरतो.

गीझर

साठवणीच्या गीझरच्या आत फार काही नसतं. पोलादी टाकी, तिला आतून काचेसारखा लेप. खालून आत गेलेलं एलिमेंट, म्हणजे तांब्याच्या नळीत बसवलेली तापणारी तार. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट. तो अडकला तर शेवटचा पहारेकरी म्हणून थर्मल कटआउट. आणि एक राखाडी कांडी, जिच्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही: मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड. पाण्याला काहीतरी गंजवायचंच असतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा आधी गंजतं, म्हणून कांडी झिजत राहते आणि टाकी वाचते. कांडी संपली की पाळी टाकीची. टाकीला भोक पडलं की दुरुस्ती नसते, गीझर भंगारात जातो.

आता खरपुडी. जमिनीतल्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापवल्यावर फुटतो आणि त्याचा न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे साधा चुना-दगड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. समजा लिटरमागे फक्त १०० मिलिग्रॅम खरपुडी बसली आणि घरात रोज ६० लिटर पाणी तापलं. दिवसाला ६ ग्रॅम, वर्षाला दोन किलोच्या वर दगड. काही कण पाण्याबरोबर निघून जातात, पण राहतो तो एलिमेंटला चिकटतो. मग एलिमेंटची उष्णता पाण्यात जायला वेळ लागतो, तार आतल्या आत जास्त तापते आणि नळीला तडा जातो. गीझरमधून खदखद, कडकड असा आवाज यायला लागला की समजावं, खरपुडीखाली अडकलेलं पाणी उकळतंय.

पाणी जितकं गरम, तितकी खरपुडी जास्त. म्हणून कठीण पाण्याच्या भागात थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून नंतर बादलीत गार पाणी घालणं म्हणजे दगडाचा कारखाना चालवणं. ५५-६० पुरे. त्याखाली कायम ठेवू नये, कारण कोमट साठ्यात जंतू वाढतात.

साफसफाई अशी होते, आणि मेकॅनिक आला की त्याच्या शेजारी उभं राहून पाहावी. नुसतं बटण बंद न करता गीझरचा एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला त्याचा स्विच, खाली. येणाऱ्या गार पाण्याचा अँगल कॉक बंद. गरम नळ उघडायचा, म्हणजे हवा आत जाईल आणि टाकी रिकामी होईल. खालच्या व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी काढायचं. खालचं झाकण उघडल्यावर वायरींचा फोटो घ्यायचा, मग फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट धरणाऱ्या चकतीचे, नट सोडायचे. एलिमेंट, अ‍ॅनोड आणि थर्मोस्टॅटची नळी बहुधा एकाच फ्लँजवर बाहेर येतात. त्याबरोबर कधीकधी मूठ-दोन मुठी पांढरे पोपडे बादलीत पडतात. एलिमेंट कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून, लिटरला साधारण ५० ग्रॅम, तासभर बुडवून ठेवलं की खरपुडी फेसाळून सुटते. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरणाऱ्याला थांबवा. खरपुडीबरोबर ते धातूही खातं. कांडीची जाडी निम्म्यावर आली असेल किंवा आतली तार दिसत असेल तर नवी घ्या. फ्लँजखालचा रबरी गॅस्केट दर वेळी नवाच हवा. जुना दाबून बसवला तर महिन्याभरात तिथून थेंब सुरू होतात.

शेवटची पायरी बहुतेक एलिमेंट जाळते किंवा वाचवते: आधी पाणी भरायचं, गरम नळातून हवा न फुसफुसता सलग धार येईपर्यंत थांबायचं, आणि मगच वीज सुरू करायची. कोरडं एलिमेंट पाहता पाहता जळतं.

पाणी कठीण असेल तर हे वर्षातून एकदा. नदीचं, धरणाचं पाणी असेल तर दोन वर्षांनी चालेल.

एलिमेंट गेलंय असं मेकॅनिक म्हणाला तर मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा. २००० वॉटच्या चांगल्या एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम येतो, ३००० वॉटच्याचा १७-१८. आकडा बरोबर असेल तर दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा कटआउटमध्ये आहे आणि काम बरंच स्वस्तात होईल. कटआउटचं बटण दाबून गीझर सुरू होतो आणि दोन दिवसांनी पुन्हा पडतो, असं चाललं असेल तर थर्मोस्टॅट चिकटलेला असतो. कटआउट काढून वायर थेट जोडू देऊ नका. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, वारंवार पडत असेल तर एलिमेंटच्या नळीला चीर गेलेली असते आणि करंट पाण्यात उतरत असतो. ‘तो सेफ्टीवाला स्विच काढून टाकू’ म्हणणाऱ्या माणसाला चहा द्या आणि परत पाठवा.

गार पाण्याच्या तोंडाशी जो पितळी व्हॉल्व्ह असतो, तो थेंब थेंब गळतो म्हणून त्याला डमी ठोकलेली अनेक घरांत दिसते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिली फुगतं. व्हॉल्व्ह ते पाणी मागे जाऊ देत नाही, म्हणून जास्तीचं त्या छिद्रातून टपकतं. तापताना थोडं टपकणं ही व्हॉल्व्हची नोकरीच आहे. छिद्राला पातळ नळी लावून ती मोरीत सोडा. दिवसभर, गीझर बंद असतानाही गळत असेल तरच व्हॉल्व्ह बदला.

तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरबद्दल एक आकडा पुरेसा आहे. ३ किलोवॉटचं एलिमेंट मिनिटाला तीन लिटर धार फक्त १४ अंशांनी तापवतं. मुंबईत, कोकणात ठीक. जानेवारीत निफाडला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १५ अंशांवर असताना त्यातून शॉवर घ्यायचा विचार सोडून द्या. स्वयंपाकघरात भांड्यांना तो उत्तम.

गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच. दार-खिडकी बंद असताना ज्योतीला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. अंघोळ करणारा माणूस नुसता खाली बसतो आणि उठत नाही. यंत्र बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप.

सोलर वॉटर हीटरच्या काचनळ्यांतही खरपुडी धरते. बोअरचं पाणी वापरत असाल तर दर वर्षी नळ्या काढून धुणारा माणूस आधी शोधा, मग सोलर घ्या.

जाणारं पाणी

येणाऱ्या पाण्याला दाब ढकलतो. जाणाऱ्या पाण्याला फक्त उतार. चार इंची, म्हणजे ११० मिमीच्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या) पाइपला चाळीसाला एक उतार धरावा: तीन मीटरला साडेसात सेंटिमीटर. जागा अडचणीची असेल तर साठाला एक, म्हणजे पाच सेंटिमीटर. गवंडी डोळ्याने उतार देतो आणि मध्ये पोट येतं. त्या पोटात पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की पुढचं तुम्हाला आता माहीत आहे.

काटकोनात एक बेंड लावण्याऐवजी ४५ अंशांचे दोन लावा, आणि प्रत्येक वळणावर डोअर बेंड किंवा डोअर टी घ्या. तिला नट-बोल्टचं छोटं दार असतं. ते दार टाइल किंवा प्लास्टरखाली गाडलं तर नसल्यासारखंच. बाहेरच्या चेंबरचा तळ सपाट असू नये. आत अर्धगोल पन्हळ हवी आणि दोन्ही बाजूंनी उतरता कोबा, म्हणजे मैला बसून न राहता घसरून पुढे जातो.

तुंबलं की आधी कुठे तुंबलंय ते ठरवा. एकच बेसिन तुंबलं असेल तर त्याचाच ट्रॅप उघडून केसांचा गोळा काढा. बाथरूम आणि संडास दोन्ही हळू उतरत असतील तर दोष पुढच्या चेंबरपाशी. तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यातून) पाणी उलटं वर येत असेल तर सगळ्या घराची वाट अडली आहे. चेंबरची झाकणं घराकडून टाकीच्या दिशेने एकेक उघडत जा. भरलेलं शेवटचं चेंबर आणि कोरडं पहिलं चेंबर यांच्या मध्ये अडथळा असतो. शेवटचं चेंबरही भरलेलं असेल तर पाइपात बांबू घालण्यात अर्थ नाही, टाकीकडे चला.

बाथरूममध्ये वास येतो पण कुठे काही तुंबलेलं नाही, असं असेल तर नहाणी ट्रॅपमध्ये पाणी आहे का बघा. ट्रॅपमध्ये उभं राहिलेलं पाच सेंटिमीटर पाणी हेच घर आणि गटार यांच्यातलं दार. पाहुण्यांची बाथरूम महिनाभर वापरली नाही की उन्हाळ्यात ते सुकतं. एक तांब्या पाणी ओतलं की वास जातो.

सेप्टिक टँक

इथे मात्र साका बसायलाच हवा. सेप्टिक टँक म्हणजे साका बसवण्यासाठी मुद्दाम बांधलेली टाकी. आत आलेलं पाणी निदान एक-दोन दिवस शांत राहतं. जड मैला खाली बसतो, तेलकट फेस वर तरंगतो आणि मधल्या थरातलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे जातं. खालचा मैला हवेशिवाय जगणारे जंतू हळूहळू पचवतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड निघतो. म्हणून गॅस पाइप उंच नेऊन वर डासांची जाळी बांधतात.

जंतू सगळं पचवत नाहीत. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही’ हे अभिमानाने सांगितलं जातं, आणि ऐकणारा कौतुकाने मान डोलावतो. खरं तर ही वाईट बातमी आहे. माणशी वर्षाला तीस-चाळीस लिटर तरी न पचलेला गाळ उरतोच. पाच माणसांच्या घरात वर्षाला दीडशे ते दोनशे लिटर. तो टाकीत नसेल तर एकतर टाकीला तळच नाही आणि तो जमिनीत, शेजारच्या विहिरीकडे जातोय, नाहीतर टाकी कधीच भरली असून मैला सरळ पुढे गटारात वाहतोय. दुसऱ्या प्रकारात घरमालकाला काहीच जाणवत नाही. जाणवतं ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्याला.

बांधकामाचं भारतीय मानक आयएस २४७० आहे. त्यानुसार रुंदी निदान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली निदान १ मीटर आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. पाच जणांसाठी लांबी दीड मीटर, रुंदी पाऊण मीटर, पाण्याची खोली एक मीटर, म्हणजे सुमारे ११२५ लिटर. पाण्याच्या वर आणखी फूटभर मोकळी जागा. हे किमान आहे. पाहुण्यारावळ्यांचं घर असेल, गणपतीत वीस माणसं जमत असतील, तर मोठी घ्या. चौकोनी खोल हौद बांधू नये. लांबट टाकीत पाण्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागतो, आणि तो वेळच तर आपल्याला हवा असतो. मोठ्या टाकीत दोन तृतीयांश अंतरावर आडवी भिंत घालून दोन कप्पे करतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते तोंडाशी. येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टाकीच्या आत उभी टी, म्हणजे T आकाराचा पाइपजोड, हवी. टीचं खालचं टोक पाण्यात साधारण ३० सेंटिमीटर बुडालेलं आणि वरचं टोक फेसाच्या वर उघडं. जाणारा पाइप येणाऱ्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली. गवंडी टी विसरतो, किंवा ‘काय फरक पडतो’ म्हणून सरळ पाइप सोडतो. फरक असा पडतो की वरचा तेलकट फेस थेट शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात, जातो, दगडांवर आणि मातीवर काळपट चिकट थर धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत खड्डा पाणी पिणं बंद करतो. नवी टाकी ताब्यात घेताना झाकण उघडून या दोन टी स्वतः पाहा. फरशी, रंग, नळ नंतर पाहिले तरी चालतात.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी ते जंतूंनी भरलेलं असतं. त्याची पुढची सोय जमिनीने करायची असते, आणि आपल्याकडे जमीन मैलागणिक बदलते. मुरमाची जमीन शोषखड्ड्याला सगळ्यात चांगली. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा वाटतं कितीही पाणी पिईल. पावसाळ्यात तीच फुगते, भेगा मिटतात आणि पाणी तसूभर हलत नाही. घाटमाथ्यावर दोन फुटांखाली काळा कातळ लागतो, तिथे शोषखड्डा म्हणजे दुसरी टाकीच. कोकणातला आणि गोव्यातला जांभा उलट टोकाचा: सच्छिद्र, पाणी ओतलं की गायब. तिथे खड्डा कधी तुंबत नाही म्हणून लोक खूश असतात, पण ते पाणी नीट गाळलं न जाता उताराने विहिरीकडे जातं. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान १८ मीटर लांब हवा. जांभ्यात त्याहून लांब, आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला.

जमीन किती पिते हे मोजता येतं. जिथे खड्डा घ्यायचा तिथे त्याच खोलीपर्यंत छोटा खड्डा करा, आदल्या दिवशी पाणी भरून भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं पाणी घालून ते एक इंच, म्हणजे २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. तासाहून जास्त लागला तर पैसे घालू नका, दुसरी व्यवस्था विचारा. परीक्षा पावसाळ्यात किंवा लगेच नंतर करा. मे महिन्यात काळी मातीसुद्धा पास होते.

टाकीत काय जाऊ नये याची यादी लांब आहे. मुख्य गुन्हेगार सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, स्वयंपाकघरातलं तेल आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी. पावसाचं पाणी टाकीत सोडलं की एका सरीत आतला साका ढवळून शोषखड्ड्यात जातो. मोरी-बाथरूमचं पाणी वेगळं काढून जाळीच्या चेंबरमधून बागेकडे वळवता आलं तर टाकीवरचा ताण निम्म्याने कमी होतो. रोज कमोडमध्ये अ‍ॅसिड किंवा जहाल फिनाइल ओतलं तर वास मरतो आणि त्याबरोबर पचन करणारे जंतूही. जंतूंची पावडर विकत घेऊन टाकायची गरज नाही. टाकीत जंतू आपण रोज फुकट पाठवतो.

उपसा

कधी उपसायचं हे टाकी सांगेपर्यंत थांबू नका. ती सांगते तेव्हा संडासातून सांगते. तीन वर्षांतून एकदा हा साधा हिशेब वर दिलेल्या आकड्यांवरून निघतो: तीन वर्षांत टाकीचा जवळजवळ निम्मा भाग गाळाने भरलेला असतो. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ पासून हेच शहरभर केलं. लोकांच्या फोनची वाट न पाहता, पाळीपाळीने, दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकीचा उपसा आणि मैल्यावर प्रक्रिया करणारं केंद्र. तुमच्या गावात अशी पाळी नसेल तर पाळी स्वतः लावून घ्यावी लागते.

गाळ मोजायचा असेल तर लांब बांबूच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरं खरखरीत फडकं गुंडाळा. जाणाऱ्या पाइपाजवळच्या झाकणातून तो हळूच तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं ठेवा आणि सरळ वर काढा. फडक्यावर खालचा काळा चिकट पट्टा आणि वरचा फिका भाग यांच्यात स्पष्ट रेष दिसते. काळा पट्टा पाण्याच्या एक तृतीयांश उंचीवर पोचला असेल तर गाडी बोलवा. हे करताना झाकणावर वाकून आत डोकावू नका, आणि जवळ बिडी-काडी नको. मिथेन पेटतो. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण कमी असताना त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. ‘आता वास येत नाही, उतरा’ हे वाक्य माणसं मारणारं आहे.

टाकीत माणूस उतरवायचा नाही, पूर्णविराम. पुरेशी साधनं न देता कुणाला टाकीत किंवा गटारात उतरवणं हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि बोलावणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आत कुणी बेशुद्ध पडला तर वाचवायला दुसऱ्याने उडी मारू नये. एकामागे एक तीन-चार जण जातात ते याच उडीमुळे. अग्निशमन दलाला फोन करा.

उपसा करणाऱ्या सक्शन गाडीवाल्याला आधी चार प्रश्न विचारा: गाडीची टाकी किती लिटरची, पाइप रस्त्यापासून किती लांब पोचतो, एका फेरीचे किती, आणि मैला कुठे नेऊन टाकता. शेवटच्या प्रश्नाला उत्तर ‘त्याची काळजी तुम्ही नका करू’ असं आलं तर तो नाल्यात जाणार आहे. नगरपरिषदेची गाडी असेल तर तीच बघा. खासगी गाडीकडून पावती घ्या.

उपसा दोन्ही कप्प्यांचा करून घ्या. गाडीवाला अनेकदा वरचं पातळ पाणी ओढून गाडी भरली म्हणतो, आणि घट्ट गाळ तळाशी तसाच राहतो. पाइप तळापर्यंत सोडायला सांगा. घट्ट झालेला गाळ पाणी मारून बाहेरूनच ढवळावा लागतो. टाकी घासून धुवून काढायची नसते, तळाला वीतभर गाळ राहिला तर नव्या जंतूंना विरजण मिळतं. झाकण उघडं आहे तोवर दोन्ही टी जागेवर आहेत का, मधल्या भिंतीला तडा आहे का, बाहेरून पाणी आत झिरपतंय का हे बॅटरीच्या उजेडात लांबून बघून घ्या.

आणि गाडी गेल्यावर टाकी रिकामी ठेवू नका. लगेच पाणी सोडून जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरा. पावसाळ्यात भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते. रिकामी प्लास्टिकची टाकी तेव्हा होडीसारखी वर उचलली जाते आणि दोन्ही बाजूंचे पाइप तोडून घेते. उपसा मार्च-एप्रिलमध्येच करून घेतला तर हा प्रश्न येत नाही, गाडीवाल्यांनाही तेव्हा सवड असते. झाकण बसवताना कडेला सिमेंटऐवजी मातीचा किंवा चुन्याचा हलका लेप लावा, म्हणजे तीन वर्षांनी छिन्नी-हातोडा लागणार नाही. तारीख मीटरच्या पेटीच्या दाराच्या आत खडूने नाही, रंगाने लिहा.